कूलरचा ओघळ

आमच्या समोरचे काका पुठ्ठ्याची हातभर उंचीची घरं करतात आणि सिमेंटच्या रंगासाठी जीव टाकतात. नमुन्याचा रंग लावलेली आइस्क्रीमची काडी घेऊन ते भर उन्हात कुणाच्याही भिंतीपाशी उभे राहतात, एक डोळा मिटून काडी भिंतीला लावतात आणि पुटपुटतात, "न्हाय. अजून मळायला पायजे."

सिमेंट करडंच असतं की, असं मी एकदा म्हणालो.

"करडं फक्त डबीत असतंय. तुमची भिंत बघा. वर पिवळट, खाली हिरवट, अन् कूलरखाली खाऱ्या पाण्याचा पांढरा ओघळ. लई झकास!"

त्याच ओघळावरून बायको मला उन्हाळाभर बोलत होती. दिवाळीआधी शेवटी रंगारी बोलावला. त्यानं शिडी लावली आणि काका धावतच आले. हातात आमचंच घर होतं, कूलरसकट. त्यावरचा ओघळ मात्र अर्धाच रंगवून झाला होता.

"वहिनी, दोन दिवस थांबा की!"

बायकोनं ते घर हातात घेतलं. इवल्याशा खिडकीत तिचा निळा पडदाही होता. तो बराच वेळ बघून ती रंगाऱ्याला म्हणाली, "भाऊ, तेवढा ओघळ सोडून बाकीचं रंगवा."