वाकडं काज

मास्तर पेशानं शिंपी. गिऱ्हाईक दारात दिसलं की नुसत्या नजरेनं त्याच्या छातीचं माप घेणारे. आणि खडूस तर इतके, की एक टाका इकडचा तिकडे झाला तर अख्खी बाही उसवायला लावायचे. त्यांच्या दुकानात काज-बटण करायला एक मुलगी लागली. तिच्या काजात काही केल्या खोट काढता येईना, म्हणून मास्तरांनी तिच्याशी लग्नच केलं, असं सगळा बाजार म्हणायचा. ती हसायची. "दुसरं कोण टिकलं असतं यांच्यापुढे?"

तीच आता विसरत चालली होती. आधी गॅस बंद करायला, मग लेकीचं लग्न झालंय हे, मग नवऱ्यालाच. दुकान केव्हाच बंद झालं होतं, पण तिन्हीसांज झाली की तिचा जीव घाबराघुबरा व्हायचा. "काम पडलंय माझं, मास्तर ओरडतील," म्हणत ती दार उघडून चालू लागायची. गेल्या खेपेला भर चौकात सापडली, एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात मास्तरांची. लेकीच्या तोंडचं पाणी पळालं.

"बाबा, आता पुरे," ती म्हणाली. "आणखी एकदा आई अशी बाहेर गेली, तर मी तिला वृद्धाश्रमात ठेवणार. मग तुम्ही कितीही रागवा."

रागावतात कसले!  बायकोशिवाय ते घर मास्तरांना नको होतं, सरळ गोष्ट आहे. दाराला कुलूप लावून पाहिलं, तर तिनं हात सुजेपर्यंत दार बडवलं. ते कुलूप मास्तरांनी स्वतःच कचऱ्यात फेकलं.

मग लेकीनंच डॉक्टरांना विचारून विचारून घराची उलथापालथ केली. न्हाणीघरापुढचं काळं पायपुसणं उचललं. आईला तो खड्डा वाटायचा, ती काठावर थबकायची, कपडे ओले व्हायचे आणि मास्तर उगाच तिच्यावर खेकसायचे. न्हाणीघराचं दार लालभडक रंगवलं, लांबून दिसावं म्हणून. आरशावर चादर टाकली, कारण त्यातल्या म्हातारीला ती रोज चहा विचारायची आणि ती बोलत नाही म्हणून रुसायची. राहिलं बाहेरचं दार. त्यावर भिंतीच्याच रंगाचा पडदा सोडायचा, म्हणजे ते डोळ्यांना दिसणारच नाही.

"पडदा मी शिवतो," मास्तर म्हणाले.

आता साधा पडदा शिवावा की नाही? पण पडद्याचे दोन भाग मधे फाकत होते आणि ते शिंप्याच्या डोळ्यांना खुपलं. त्यांनी मधोमध वरपासून खालपर्यंत बटणपट्टी घातली, सदऱ्याला घालतात तशी! काजं जन्मात पहिल्यांदा स्वतः केली, कारण ते खातं कायम तिचं. झाली वाकडीतिकडी.

"बाबा, पडद्याला बटणं?" लेकीनं कपाळाला हात लावला.

"पण फाकतो का बघ," मास्तर ऐटीत म्हणाले.

काही दिवस बायको तिकडे फिरकलीसुद्धा नाही. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. मग एका संध्याकाळी ते दूध तापवत असताना घर एकदम गप्प झालं. बाहेर येऊन बघतात तो पडद्याची बटणं एकेक करून सुटलेली, दोन्ही भाग बाजूला, मागे दार.  अरे देवा! ज्या बोटांनी जन्मभर बटणं लावली-काढली, त्यांच्यापुढे आपण बटणंच मांडून ठेवली? गाढव, शुद्ध गाढव! मागे दूध उतू गेलं. ते दाराकडे धावले आणि तिच्यावरच अडखळले.

ती दारापाशी जमिनीवर बसली होती, पडद्याची कड मांडीवर घेऊन. तेवढ्यात लेक बाहेरून आपल्याकडच्या लॅचच्या किल्लीनं दार उघडून आली आणि उंबऱ्यातच थांबली. समोर उघडं दार, पण आई मान वर करेना.

"हे काज कोणी केलं?" तिनं मास्तरांना विचारलं. नजरेत ओळख नव्हती, आवाज मात्र दुकानातला होता.

"मी."

"नवीन दिसता. अहो, हे काय काज आहे? उंदरानं कुरतडलंय जसं! मास्तरांनी पाहिलं तर सोलून काढतील. सुई द्या इकडे."

"टोचेल तिला," मास्तर पुटपुटले. लेकीनं दार लोटलं, सुईत दोरा ओवला आणि ती आईच्या हातात दिली. टाके पडू लागले, एकाला एक चिकटून, तसेच. लेकीला रडू आवरेना, आणि मास्तरांनाही.

वृद्धाश्रमाचा विषय लेकीनं पुन्हा काढला नाही. बटणंही राहिली. आता रोज दुपारी बायको झोपली की मास्तर पडदा घेऊन बसतात आणि एक काज मुद्दाम बिघडवतात. उभ्या जन्मात ज्यांनी कुणाचा वाकडा टाका खपवून घेतला नाही, ते मास्तर! सुरुवातीला हात धजायचा नाही. तिन्हीसांजेला ती दाराकडे निघते, बटणं काढत जाते आणि त्या काजापाशी येऊन अडते.

"लक्ष कुठे असतं हो तुमचं?" ती करवादते. मग खाली बसते, काज नीट करते, दोरा दातानं तोडते आणि इकडेतिकडे बघून हळूच त्यांच्या कानाशी येते.

"घाबरू नका. मास्तरांना मी नाही सांगत."

"उपकार झाले, बाई," मास्तर म्हणतात.