न कापलेली पानं

इर्मा बेन्तान्कोर उरुग्वेतल्या पायसांडू गावच्या लोकर कारखान्यात एकतीस वर्षं गोदामाच्या नोंदी ठेवत होती. आधी वहीत, मग छिद्रं पाडलेल्या कार्डांवर, शेवटची नऊ वर्षं कॉम्प्युटरवर. लोकरीची कुठली गाठ कुठल्या कुरणावरून आली, ती कुठल्या प्रतीची, कुठल्या रांगेत ठेवली, हे तिला विचारलं की उत्तर हजर. १९९२ साली कारखाना बंद पडला तेव्हा साहेबांनी निरोपाला भिंतीवरचं घड्याळ देऊ केलं. ती म्हणाली, "घड्याळ घरात आहे. तो कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर द्या." साहेब हसले, पण दिला.

तिचा नवरा अमिल्कार एच्चार्त गावातल्या हायस्कुलात साहित्य शिकवायचा. निवृत्त झाला तरी सगळं गाव त्याला 'सर'च म्हणे. घरात पुस्तकंच पुस्तकं, अगदी न्हाणीघराच्या दारापर्यंत. दर रविवारी दुपारी त्याचे जुने विद्यार्थी जमायचे. इर्मा पिठाच्या पोळ्या तळायची आणि येर्बाचा कडू काढा फिरवायची. अमिल्कार बोलायचा, बाकीचे ऐकायचे. एखाद वेळी इर्माने मध्ये तोंड घातलंच, तर तो पाहुण्यांकडे बघून म्हणायचा, "इर्माला लोकरीतलं विचारा, त्यात तिचा हात धरणारं कोणी नाही." सगळे हसायचे. पहिली काही वर्षं तीही हसली होती.

कारखाना बंद पडला त्या साली त्याने एकच कवितासंग्रह तिसऱ्यांदा विकत आणला, कारण आधीच्या दोन प्रती त्याला सापडत नव्हत्या. इर्माने दोन्ही शोधून त्याच्यापुढे ठेवल्या आणि म्हणाली, "मी याची नीट यादी करते. मशीनवर."

"पुस्तकं म्हणजे गाठी नव्हेत, इर्मा."

"हरवतात मात्र तशीच."

तिला वाटलं होतं, महिन्याभराचं काम. नाव, लेखक, कपाट, फळी. चार रकाने आखले की झालं. पण तिसऱ्याच दिवशी गाडी अडली. एका पुस्तकाला तीन लेखक निघाले. एकाच लेखकाचं नाव चार तऱ्हांनी छापलेलं. एका बांधणीत दोन पुस्तकं, तर एक पुस्तक पाच खंडांत. स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरून ती विचार करत बसली. शेवटी तिला कारखान्यातल्या मिश्र गाठी आठवल्या. एका गाठीत चार कुरणांची लोकर असली की गाठीची चिठ्ठी वेगळी, कुरणाची वेगळी, आणि दोघींना जोडणारी तिसरी. तिने तसंच केलं. पुस्तकांची एक यादी, माणसांची दुसरी, आणि कोणाचं काय ते सांगणारी तिसरी. कुठलंही नाव टाका, मशीन क्षणात सांगणार: मधली खोली, दुसरं कपाट, वरून तिसरी फळी, डावीकडून अकरावं. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा ती एकटीच टाळ्या पिटत उठली. अमिल्कार बाहेर पेपर वाचत होता. तिने हाक मारली. तो दारातूनच म्हणाला, "छान. आता जेवायला काय आहे?"

मग नोंदी सुरू झाल्या. पानांची संख्या लिहायची तर प्रत्येक पुस्तक उघडावं लागे. त्या पिढीतली कितीतरी पुस्तकं कागदाच्या घड्या न कापताच बांधलेली असत. वाचणाऱ्याने सुरीने कडा कापत कापत पुढे जायचं. इर्माने तीन खंडांची एक जाड रशियन कादंबरी उघडली. पहिला खंड सोळाव्या पानापर्यंत कापलेला, पुढच्या घड्या बंद. दुसरा, तिसरा तर कोरे करकरीत. याच कादंबरीवर अमिल्कारने नगरपालिकेच्या सभागृहात दोन तास भाषण दिलं होतं. लग्नाच्या वर्षी इर्माने ती वाचायला मागितली, तेव्हा तो म्हणाला होता, "तुला नाही झेपणार."

तिला वाटलं, दुसरी प्रत असेल. मशीनला विचारलं. दुसरी प्रत नव्हती.

त्यानंतर ती प्रत्येक पुस्तकाच्या कडा बघू लागली. बत्तीस पानं. सोळा पानं. नुसती प्रस्तावना. कुठे मधलीच चार पानं कापलेली, भाषणात उतारा वाचून दाखवण्यापुरती. गाठीत जे निघेल ते लिहायचं, ही तिची एकतीस वर्षांची सवय. तिने नवा रकाना वाढवला: 'कितव्या पानापर्यंत कापलेलं'. एकूण पुस्तकं तीन हजार आठशे सहा. त्यांतली न कापता आलेली बाराशे चाळीस. अजून शेवटपर्यंत न कापलेली आठशे एकाहत्तर.

आठवडाभर पोळ्या लाटताना तिला एकेक रविवार आठवे, एकेक हशा. तरी तिने ठरवलं, हे बाहेर काढायचं नाही. नवऱ्याचं झाकायचं तेवढं झाकू. छापताना तो रकाना लपवायचा, अशी एक कळही तिने प्रोग्रॅममध्ये करून ठेवली.

जुलैतल्या शेवटच्या रविवारी रुबेन दाग्लिओ आला. अमिल्कारचा जुना विद्यार्थी, आता नगर वाचनालयाचा प्रमुख. सरांची पुस्तकं पुढेमागे वाचनालयाला मिळावीत, ही त्याची इच्छा. कॉम्प्युटरवरची यादी पाहून तो चाटच पडला.

"सर, हे तर आमच्याकडेसुद्धा नाही! कोणी केलं?"

अमिल्कार खुर्चीत मागे रेलला. "आराखडा माझा. किती वर्षं डोक्यात घोळत होता. इर्माने टाइप केलं, बिचारीने. बोटं चांगली चालतात तिची."

इर्माच्या हातात किटली होती. तिने ती खाली ठेवली.

"दोन्या इर्मा, एक प्रत छापून देता का?" रुबेनने विचारलं. तो तिला आदराने 'दोन्या', म्हणजे बाईसाहेब, म्हणे.

"देते की. सगळी देते."

तिने ती कळ दाबली नाही. प्रिंटर करकरत राहिला, कागदाची लांबलचक पट्टी जमिनीवर उतरत गेली. रुबेनने ती उचलून वाचायला घेतली, आणि मधेच थांबला.

"हा शेवटचा रकाना कसला? सोळा, सोळा, शून्य, बत्तीस..."

"पानं कुठवर कापलीत ते," इर्मा म्हणाली. "पुस्तकाची अवस्था लिहायला नको?"

कोणी हसलं नाही. एकाने उगाच घसा खाकरला. रुबेनने कागदाची घडी केली, पुन्हा उलगडली, आणि हवेबद्दल काहीतरी बोलला. पाऊण तासाच्या आत घर रिकामं झालं.

"तू माझी झडती घेतलीस," अमिल्कार म्हणाला.

"मी यादी केली. आराखडा तुझा होता ना?"

"चव्वेचाळीस मुलांचे वर्ग घेऊन घरी यायचो मी! केव्हा वाचणार होतो?"

"मग तसं सांगायचं होतंस. मला तरी. मी काय तुला फाशी दिली असती?"

तो उठून आत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी इर्मा बाजारातून आली, तर तो मधल्या खोलीत भाजीची सुरी घेऊन बसलेला. मांडीवर पुस्तक, पायाशी कागदाचा कीस. वाचत नव्हता, नुसता कापत होता. एक झालं की दुसरं. सुरी बोथट झाली तेव्हा कडा फाटू लागल्या, तरी थांबला नाही. सबंध ऑगस्ट गेला, सप्टेंबर अर्धा गेला. आठशे एकाहत्तर पुस्तकं. शेवटचं फळीवर ठेवून तो तिच्यापुढे उभा राहिला.

"आता तो रकाना दुरुस्त कर. सगळी कापलेली आहेत."

इर्माने दुरुस्त केला. प्रत्येक पुस्तकापुढे शेवटच्या पानाचा आकडा घातला, आणि शेजारी पान कापल्याची तारीख. आठशे एकाहत्तर तारखा, सगळ्या त्याच दोन महिन्यांतल्या. त्याने पडद्यावर त्या वाचल्या आणि मशीनचं बटण बंद केलं.

त्यानंतर सहा वर्षं दोघं त्याच घरात राहिली. मीठ दे, दार लाव, डॉक्टरकडे जायचंय, एवढंच बोलणं. रविवारी कोणी येईनासं झालं. इर्मा तरी चार पोळ्या जास्तच तळायची आणि सोमवारी शिळ्या खायची. आपण जिंकलो, असं तिला एक दिवसही वाटलं नाही.

अमिल्कार हृदयविकाराने गेला. वाचनालयाचा ट्रक आला. इर्माने रुबेनच्या हातात यादीच्या फ्लॉपींचा डबा दिला. त्याने अवघडून तो परत केला.

"दोन्या इर्मा, आमच्या नव्या मशीनवर या चालत नाहीत. आम्ही नाव आणि लेखक, एवढंच लिहून घेऊ. दालनाला सरांचं नाव देणार आहोत."

"द्या," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी मोन्तेविदेओहून मुलीचा, मिर्ताचा, फोन आला. बापावर तिचा फार जीव होता.

"आई, आज विचारतेच. एका रकान्यापायी बाबांनी सहा वर्षं तोंड शिवून घेतलं. कशाला ठेवलास तो?"

"रकान्यापायी नाही गं."

"मग कशापायी?"

"रुबेनने विचारलं होतं, कोणी केलं. 'इर्माने केलं' एवढे दोन शब्द म्हणाला असता, तर मी तो रकाना माझ्या हाताने पुसला असता."

मिर्ता म्हणाली, "तुला तरी मान खाली घालता आली असती."

इर्माने फोन ठेवला. मधल्या खोलीत जाऊन तिने रिकामी कपाटं ओल्या फडक्याने पुसून काढली. तिसऱ्या कपाटाशी आल्यावर ती फडकं हातात घेऊन तिथेच जमिनीवर बसली.