शेजारची दुपार

पापड भाजल्याचा वास आला की मला नव्वदच्या सुमाराची अंबरनाथची आमची चाळ आठवते. नवरा आनंदनगरच्या कारखान्यात रात्रपाळी करून दिवसा झोपायचा, आणि आमचा कुत्रा दारावरून जाणाऱ्या प्रत्येकावर भुंकायचा. मी ‘गप्प बस’ म्हणून ओरडले की तो आणखी चेकाळायचा. एका दुपारी नवरा वैतागून उठला आणि म्हणाला, “रविवारी याला गावी सोडून येतो.” माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात शेजारच्या सिंधी काकी पापड घेऊन आल्या. त्या कुत्र्याजवळ खाली बसल्या आणि एक शब्द न बोलता त्याच्या छातीवर हात ठेवला. त्याने गप्प होऊन त्यांच्या मांडीवर मान टाकली. “दोपहर को मेरे पास छोड़ दिया कर, बेटी,” त्या म्हणाल्या. “बघ, शिक जरा,” नवरा मला म्हणाला. माझ्या हातची भाकरी खाऊन वाढलेलं जनावर, आणि कौतुक त्यांचं. मी आतून नुसती जळत होते. तरी दुसऱ्या दिवसापासून मीच त्याला त्यांच्या दारी नेऊन सोडू लागले. कुत्रा आमच्याकडेच राहिला, नवऱ्याची झोपही होऊ लागली. पण अजूनही वाटतं, त्याने एकदा तरी काकींवर भुंकायला हवं होतं.