कुंपणातली वाट

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागच्या भाजीबाजारातल्या कोथिंबिरीच्या जुड्या दिसतात. पण मध्ये वसाहतीचं कुंपण आहे. एका जुडीसाठी पुढच्या फाटकातून बाहेर पडून आठपदरी रस्त्याने अख्खा वळसा घालावा लागतो. नवऱ्याच्या नोकरीपायी मी चीनमधल्या या शहरात राहते. शहर शेतं गिळत पसरतंय, अशा कुंपणबंद वसाहती उठवतंय, आणि गल्लीबोळ ठेवायला मात्र विसरतंय.

खालच्या मजल्यावर एक म्हातारी राहते. इथे मावशीला ‘आयी’ म्हणतात. मला ते दर वेळी ‘आई’च ऐकू येतं. आज आयीने कुंपणाचा सैल गज सरकवला, आधी पिशवी पलीकडे टाकली आणि मग स्वतः शिरली. पहारेकरी ओरडत आला, “रस्ता तिकडून आहे!”

“तो गाड्यांचा,” आयी म्हणाली. “मी काय गाडी आहे?”

त्याने गज तारेने बांधून टाकला. बाजारातून परतताना आयीने ती तार शांतपणे सोडली.

बांधू दे त्याला पुन्हा. रस्ते आखतात, बांधतात, त्यांच्या फिती कापतात. वाट कुणी बांधत नाही, ती पडते. कुंपणापाशी गवत झिजून माती उघडी पडली आहे, आणि ती काही एकट्या आयीच्या पायांनी नाही.

गॅसवर आमटी उकळतेय. वरून घालायला कोथिंबीर नाही. मी चपला घातल्या, खाली उतरले आणि फाटकाकडे पाठ फिरवली.