भावाची डावी बाजू

माझा धाकटा भाऊ परभणी जिल्ह्यातल्या पालमला शिवणकामाचं दुकान चालवायचा आणि मी तिथंच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे. तिशीतच त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आई-वडील आधीच गेलेले. माझं लग्न राहून गेलं होतं, त्याचं आता होणार नव्हतं. तपासण्या जुळल्या आणि मी माझी एक किडनी त्याला दिली. त्यात फार विचार करण्यासारखं काही नव्हतं. घरात आम्ही दोघंच होतो.

पुढची पाच वर्षं बरी गेली. सकाळी आठला गोळ्या, संध्याकाळी आठला गोळ्या. दुसऱ्याची किडनी शरीर आपली मानत नाही, म्हणून शरीराची झुंजायची ताकदच दाबून ठेवणाऱ्या त्या गोळ्या. एखादं गिऱ्हाईक खोकलं की भाऊ तोंडाला रुमाल बांधायचा. बाहेरचं पाणी पीत नसे. दुखणं आलं तर बाहेरून येईल, असंच आम्ही धरून चाललो होतो.

पहिल्यांदा एक म्हातारे गृहस्थ सदरा परत घेऊन आले. डावी बाही चार बोटं आखूड. पुढच्या आठवड्यात एका ब्लाउजच्या डाव्या बाजूला हूकच नव्हते. मी म्हटलं, "चष्मा बदल." तो म्हणाला, "बदलतो."

मग एका रविवारी दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. भाकरी संपवून तो म्हणाला, "आक्का, भाजी न्हाई वाढलीस?"

वांग्याची भाजी त्याच्या ताटात डावीकडं तशीच होती.

"ही काय, समोर."

"कुठाय?"

मी ताट फिरवलं. भाजी उजवीकडं आली तसा तो दचकला. "आत्ता कुठनं आली ही?" मला वाटलं चेष्टा करतोय. मग त्याचं तोंड पाहिलं.

नांदेडला एमआरआय झाला. डोळे धड होते. मेंदूच्या मागच्या भागात, उजवीकडं, पांढरट डाग होते, म्हणून डावीकडचं त्याला दिसत नव्हतं. पाठीच्या कण्यातलं पाणी तपासलं, त्यात काही सापडलं नाही. तोवर मेंदूत डावीकडंही डाग दिसायला लागले आणि त्याचे शब्द अडखळू लागले. कात्रीला तो 'ते कापायचं' म्हणायचा. शेवटी मोठ्या शहरातल्या दवाखान्यात, कवटीला बारीक भोक पाडून मेंदूचा तांदळाएवढा तुकडा काढला.

त्या शहरात मी अकरा दिवस लॉजच्या एका खोलीत राहिले. दिवसातून दोनदा भावाला भेटता यायचं. बाकी वेळ कुणाशी बोलायचं हा प्रश्नच होता. शाळेतल्या सोबतच्या एका बाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "देवावर भरवसा ठेवा." मग त्यांनी फोन ठेवला.

अहवाल घ्यायला गेले तेव्हा तो तुकडा तपासणाऱ्या डॉक्टरबाई स्वतः बाहेर आल्या. माझ्याहून बऱ्याच लहान होत्या. मी विचारलं, "मला बघता येईल का?" त्या मला आत घेऊन गेल्या.

सूक्ष्मदर्शकाच्या भिंगातून मला आधी नुसता निळा रंग दिसला. मध्येमध्ये फिकट चट्टे, जसे धुऊन विरलेल्या कापडावर पडतात.

"मज्जातंतूंवर एक वेष्टण असतं," त्या सांगू लागल्या, "विजेच्या तारेवर असतं ना, तसं. या फिकट जागी ते गेलंय. तारा बऱ्याचशा शाबूत आहेत, पण उघड्या पडल्यात, निरोप पोचत नाही. आता हे टपोरे गडद गोळे बघा. वेष्टण तयार करणाऱ्या पेशी आहेत या. आत विषाणू भरल्यामुळं फुगल्यात. त्या मरतात, मग वेष्टण घालायला कुणी उरत नाही."

"हा विषाणू आला कुठून?"

"आपल्यापैकी बहुतेकांच्या अंगात तो असतोच. लहानपणी शिरतो आणि गप्प पडून राहतो. ताकद दाबलेली असली की उठतो."

"कुठं पडून राहतो?"

"मुख्यतः किडनीत," त्या म्हणाल्या.

मी भिंगावरून डोळा काढला. "त्याला किडनी मी दिलीय."

त्या खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. "त्यांच्या स्वतःच्या अंगातही असणारच. यातला कुठला उठला, हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. तुमच्याकडून आला असं मी म्हणणार नाही."

"नाही आला असंही म्हणणार नाही ना?"

"तेही नाही," त्या म्हणाल्या. खोटं बोलल्या नाहीत याबद्दल मी आजही त्यांची आभारी आहे.

या विषाणूवर औषध नव्हतं. भावाच्या डॉक्टरांनी एकच उपाय सांगितला. आठाच्या गोळ्या बंद करायच्या, म्हणजे शरीर उठून विषाणूशी झुंजेल. पण तेच शरीर माझ्या किडनीवरही उठेल. भावाला हे सावकाश, तीनदा समजावलं. त्यानं बराच वेळ शब्द शोधले.

"तुझी हाय ती," तो म्हणाला. "तू सांग."

"बंद करा गोळ्या," मी डॉक्टरांना म्हणाले.

तो रडायला लागला. "आक्का, तुझी वाया चालली." एवढं सरळ वाक्य त्याच्या तोंडून त्यानंतर आलेलं नाही.

गोळ्या थांबल्यावर आधी तो आणखी खालावला. शरीर जागं झालं तसा मेंदू सुजला. महिनाभर त्यानं मला ओळखलं की नाही, सांगता येत नाही. मग सूज उतरली आणि डाग वाढायचे थांबले. चौथ्या महिन्यात किडनी गेली. दुकानाची जागा आम्ही मालकाला परत केली.

आता मंगळवारी आणि शुक्रवारी आम्ही एसटीनं परभणीला डायलिसिसला जातो. त्यासाठी मी नोकरी वेळेआधीच सोडली. बसमध्ये मी त्याच्या उजवीकडं बसते. डावीकडं बसले तर मी त्याला नसतेच. घरी मी बोलत राहते. तो 'हं' म्हणतो, कधी 'लय' म्हणतो, पण काय लय ते पुढं येत नाही. सुरुवातीला माणसं भेटायला यायची, आता कुणी येत नाही. उत्तर न देणाऱ्या माणसापुढं बसायचं तरी किती वेळ?

डॉक्टरबाई काय म्हणाल्या ते मी त्याला कधी सांगितलं नाही. तेव्हा धीर झाला नाही. आता सांगितलं तरी तो 'हं' म्हणेल.

गेल्या शुक्रवारी डायलिसिस केंद्रातल्या बाकावर शेजारी एक बाई येऊन बसल्या. सोनपेठकडच्या होत्या. नवऱ्याची पहिलीच वेळ होती.

"तुमचं कोण हाय आत?"

"भाऊ."

"किती दिवसापास्नं यायलाव?"

"दोन वर्षं होतील."

"एकट्याच येता?"

"हो."

त्यांनी पिशवीतून डबा काढला, अर्धी भाकरी चटणी घालून माझ्या हातावर ठेवली आणि आपल्या नवऱ्याचं सांगायला लागल्या. ते कसे एकाएकी सुजले, आधी कुणाला दाखवलं, रानातलं काम आता कोण बघतंय. चार तास त्या बोलत होत्या आणि मी ऐकत होते. भावाला बाहेर आणलं तेव्हा त्या अजून सांगतच होत्या.