मरीमायच्या मंडपाचे पत्रे

नवऱ्याच्या छातीत तिसऱ्यांदा पाणी झालं, त्या सकाळी मी मरीमायसमोर उभी राहून तिला सरळ विचारलं, ज्यानं तुझ्या डोक्यावर छप्पर घातलं त्याचाच श्वास तू का काढून घेतेस? हात जोडले नव्हते. काखेत मेथीचं गाठोडं होतं आणि कारंज्याच्या बाजाराची जीप निघायची होती.

यांचं काम पत्रे टाकण्याचं. कामरगावच्या आजूबाजूला गोठ्यांवर, घरांवर जे करडे सिमेंटचे नालीदार पत्रे दिसतात, त्यातले कितीतरी यांनी बसवले. मरीमायचा मंडप तर सेवा म्हणून केला. पत्रा हातकरवतीनं कापायचा आणि तोही कोरडा, कारण पाणी मारलं की पेन्सिलीची रेघ पुसते, आणि रेघ सोडून कापणं यांना कमीपणाचं वाटे. संध्याकाळी घरी येत ते पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे पांढरे. मी सदरा दगडावर दाणदाण झटकायची आणि मगच भिजवायची. भुकटी भिजली की गाऱ्यासारखी चिकटते. मंडपाच्या वेळी ओट्यावर पडलेली ती भुकटी बायांनी अंगारा म्हणून कपाळाला लावली. मीही लावली. याला आता तीस वर्षं होत आली.

आधी टीबीच्या गोळ्या झाल्या. आमच्याकडं छातीत पाणी म्हटलं की बहुधा तोच निघतो, म्हणून मी डॉक्टरांना दोष देत नाही. पण कोर्स संपला तरी पाणी भरतच राहिलं, वजन उतरलं, उजवी बाजू रात्रंदिवस दुखायची. शेजारची शांतामावशी रोज ओट्यावर येऊन सांगायची, "मंडपात काही चुकलं असन. बोकड कबूल कर वं, कायले आडमुठी होऊन राह्यली?"

"मावशी, त्याच मंडपात तुमी रोज दुपारी झोपता. तुमाले काही झालं काय?" मी म्हणायची. बोकड कबूल केला नाही. जी माय लेकराचा श्वास कोंडून बोकड मागते, ती माझी माय नव्हे, हे मी तिच्या तोंडावर सांगून आले होते.

अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात आम्ही एक्स-रेच्या रांगेत बाकावर बसलो होतो. दवाखान्याच्या पडवीवर पत्रेच होते. हे दम खात वर बघत होते आणि सवयीनं पुटपुटले, "जोड तोकडा ठेवला. गळन हे."

बाजूला एक म्हातारे गृहस्थ फाईल घेऊन बसले होते. ते वळले. "मिस्तरी हाय काय तुमी? पत्रे हातानं कापले?"

"हाव. जिंदगी त्यातच गेली."

"डॉक्टरले सांगतलं काय?"

"त्यायनं इचारलंच नाई," मी म्हणाले.

"मंग तुमी सांगा ना बाई. माझा भाऊ पत्र्याच्या कारखान्यात होता. त्याचंही असंच पाणी भरे. आमी सांगतलंच नाई, अन् उशीर झाला." तेवढ्यात त्यांचा नंबर पुकारला. ते उठून आत गेले. नाव विचारायचं राहिलं, आणि पुन्हा ते दिसले नाहीत.

मी डॉक्टरांना करवतीपासून सदऱ्यापर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी लिहिणं थांबवून ऐकलं आणि फुप्फुसाच्या आवरणाचा तुकडा तपासायला पाठवला. मेसोथेलिओमा निघाला. त्या आवरणाचा कर्करोग. पत्र्याच्या सिमेंटमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. कापताना, भोक पाडताना, फोडताना त्याचे केसापेक्षा बारीक तंतू उडतात, श्वासातून आत जाऊन रुतून बसतात आणि वीस, तीस, चाळीस वर्षांनी असे वर येतात. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. पुरता बरा होईल असं डॉक्टर म्हणाले नाहीत. पाणी काढता येईल, औषधानं वेळ वाढेल, दुखणं कमी करता येईल, असं म्हणाले. सदरे झटकले म्हणून माझाही एक्स-रे काढला. सध्या काही नाही.

परतीच्या एसटीत मी रडले नाही. उलट अंगात बळ आलं. हा शाप नव्हता, पाप नव्हतं, मंडपात काही चुकलं नव्हतं. ही धूळ होती, आणि ती धूळ आहे हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

यंदा मंडपावर नवे लोखंडी पत्रे टाकायचं ठरलं. जुने हातोड्यानं फोडून देवीच्या वाटेवरच्या चिखलात भरायचे, हा आमच्याकडचा रिवाज. हातोडे आले, तशी मी ओट्यावर जाऊन उभी राहिले.

"काकू, देवीच्या कामात आडव्या येऊन राह्यल्या तुमी," सरपंच म्हणाले.

"येतोच. याच पत्र्याच्या धुळीनं यायचा श्वास कोंडला. एक पत्रा फुटला तर पयले माह्या डोक्यावर फोडा."

शांतामावशी माझ्या बाजूला येऊन उभी राहील असं वाटलं नव्हतं. कधीकाळी तो अंगारा लावलेल्या कपाळावरून ती पदर फिरवत राहिली. शेवटी हातोडे परत गेले आणि दवाखान्यानं सांगितले तसले मास्क आले. पत्रे बोल्ट सैल करून अख्खेच उतरवले, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळले आणि कुठं न्यायचे ते पंचायतीनं वाशीमच्या जिल्हा कार्यालयाला लेखी विचारलं. हे लांब, वारा येतो त्या बाजूला, लिंबाखाली खुर्चीवर बसले होते. दोन शब्दांमागं एक दम लागत होता, तरी आवाज मिस्तरीचाच होता. "पाणी मारा आधी. पुरतं भिजवा. रेघ पुसली तरी चालते."

त्या संध्याकाळी मी मरीमायपुढं हात जोडले. ती उघड्या आभाळाखाली बसली होती. हे किती दिवस आहेत ते मी विचारलं नाही. ते तिच्याकडं सोडलं. सोडण्यासारखं तेवढंच होतं, बाकीचं माझ्या हातात आहे. त्या बाकावर त्या अनोळखी माणसाला आमच्या शेजारी बसवलंस, एवढ्याबद्दल तिचे आभार मानले आणि ओटा झाडायला निघालेल्या बायांच्या हातातून झाडू काढून घेऊन पाण्याची भरली बादली पुढं केली.