मौलाचाचांची शिवी

कुपवाडच्या आमच्या वर्कशॉपात मौलाचाचांची शिवी खाल्लेला माणूस छाती काढून चालतो. सारी हयात लेथवर काढलेले हे मिस्त्री शिवी देतात ती इंग्रजीतच आणि एकच : "ब्लडी फूल!"

आपल्याकडच्या शिव्या फार हिंडतात, अशी त्यांची तक्रार. निघतात एकाच्या नावानं आणि जाऊन बसतात त्याच्या आईबहिणीच्या दारात. "इंग्रजी शिवी ज्याची त्याला. कुणाच्या घरात शिरत न्हाई." अर्थ विचारला तर म्हणतात, "अर्थ कशाला पायजे? आवाज बघ की, हातोडा बसल्यागत येतोय!"

चाचांची पहिली शिवी मिळाली की सगळ्यांना भडंग चारायचं, हा इथला रिवाज. कारण परक्याशी चाचा गोड बोलतात. शिवी दिली म्हणजे माणूस आपला झाला.

नौशीन आयटीआय करून आली, लेथवरची आमची पहिलीच मुलगी. तिच्या वाट्याला मात्र नुसतं "बेटी, जरा सावकाश." जॉब, म्हणजे कातायचा लोखंडी तुकडा, बिघडला तरी बेटीच! तिच्यामागून आलेल्या जोतीरामचं भडंगसुद्धा खाऊन झालं.

"तू पावणी हायस गं," शेजारच्या मशीनवरचा आकाराम चिडवायचा. "पावणीला कोण शिवी देतंय व्हय?"

ती हसायची, पण झोंबायचं. पाहुणी आज ना उद्या परत जाते, हे तिलाही ठाऊक होतं. तिला जायचं नव्हतं.

परवा तिनं लेथच्या चकात, म्हणजे जॉब धरून फिरवणाऱ्या जबड्यात, जॉब आवळला आणि आवळायची चावी तिथंच विसरून बटणाकडे हात नेला. चक फिरला असता तर चावी गोळीसारखी सुटली असती.

"ब्लडी फूल! चावी!"

हात जागीच थांबला. शेजारची मशीनंही बंद झाली. चाचांचाच चेहरा उतरला. "माफ कर बेटी. भ्यालो गं, तोंडातून गेली."

नौशीननं चावी काढून जागेवर ठेवली. मान ताठ.

"चाचा, शिवी ऱ्हाऊ द्या. माफी तेवढी परत घ्या."

 चाचा टोपी नीट बसवून असे गरजले की पत्रा हादरला, "मग हुबी काय ऱ्हायलीस? भडंग कोण आणणार, ब्लडी फूल?"

"एकाच दिवशी दोन शिव्या!" आकारामनं कपाळाला हात लावला. "कांदा जास्त घालून आण गं!"